एमडी-पीएचडी प्रवेशातील नकार आणि प्रतीक्षायादी: अर्जदारांनी कोणत्या टप्प्यावर काय करावे

अमेरिकेत एमडी (तेथील पहिली वैद्यकीय पदवी, आपल्याकडच्या एमबीबीएससारखी) आणि पीएचडी या दोन्ही पदव्या एकाच शिक्षणक्रमातून देणाऱ्या संस्थांकडे गेल्या काही वर्षांत दरवर्षी साधारण पावणेदोन ते दोन हजार विद्यार्थ्यांनी अर्ज केले आणि त्यांपैकी सातशेच्या आसपास विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. उरलेल्यांमध्ये वर्गात कायम पुढे राहिलेले, प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे काम केलेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्पष्ट नकार वाचणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतूनही मुले-मुली या प्रक्रियेतून जातात. त्यांच्या आई-वडिलांना भारतातली पद्धत ठाऊक असते. नीटचे गुण, त्यावरून ठरणारा क्रमांक, आणि वरच्याने जागा सोडली की कॅपच्या पुढच्या फेरीत आपली पाळी, हा हिशेब त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. अमेरिकेतल्या या प्रवेशाला तो हिशेब लागू पडत नाही, आणि नकारानंतरचा बराचसा मनस्ताप याच गैरसमजातून वाढतो.

म्हणून आधी जागांचे गणित समजून घ्यावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, 1964 मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन, न्यूयॉर्क विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न या तीन ठिकाणी एमएसटीपी, म्हणजे मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्राम, हा एमडी-पीएचडीसाठीचा अनुदानित कार्यक्रम सुरू केला. आज असे पन्नासहून अधिक कार्यक्रम आहेत आणि त्यांच्याखेरीज संस्थांच्या स्वतःच्या पैशांवर चालणारेही आहेत. शिक्षण पूर्ण व्हायला सरासरी आठ वर्षे लागतात आणि बहुतेक ठिकाणी तेवढा काळ शुल्कमाफी आणि विद्यावेतन दोन्ही मिळते. एका विद्यार्थ्यावरचा खर्च एवढा मोठा असल्यामुळे अनेक कार्यक्रम वर्षाला दहा-पंधराच विद्यार्थी घेतात, काही तर त्याहूनही कमी. प्रवेश मिळालेल्यांचे एमकॅटचे, म्हणजे तेथील वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे, सरासरी गुण 528 पैकी 516 च्या आसपास असतात आणि जीपीए, म्हणजे महाविद्यालयातील गुणांची सरासरी, 4 पैकी 3.8 च्या घरात असतो, परंतु नाकारल्या गेलेल्या कित्येकांचे आकडेही याच्या जवळपासचेच असतात. त्या उंचीवर पोहोचल्यावर निवड आकड्यांवरून होत नाही. संशोधनाची खोली, शिफारसपत्रे, मुलाखत, संस्थेत त्या विषयाच्या प्रयोगशाळा आहेत की नाहीत आणि त्या वर्षी पैसा किती आहे, यांवरून ती होते. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी अर्जदाराच्या हातात मुळीच नसतात.

पहिली पायरी: नकार कुठे आला ते लिहून काढा

सगळे नकार सारखे नसतात. एका कोऱ्या पानावर संस्थांची नावे लिहून प्रत्येकीसमोर शेवटचा टप्पा नोंदवावा: पूरक अर्ज, म्हणजे सेकंडरी, मागवलाच नाही, सेकंडरीनंतर मुलाखतीला बोलावले नाही, मुलाखतीनंतर नकार आला, मुलाखतीनंतर प्रतीक्षायादीत ठेवले, किंवा काहीच कळवले नाही. हे पान पूर्ण होईपर्यंत कारणांची चर्चा करू नये, कारण त्याआधी केलेली चर्चा बहुधा स्वतःला दोष देण्यातच संपते.

मुलाखतीचे एकही बोलावणे आले नसेल, तर दुखणे कागदावर आहे. अर्ज केव्हा गेला हे आधी पाहावे. ॲमकास या वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक अर्जप्रणालीत मेअखेरपासून अर्ज सादर करता येतो. जूनमध्ये पोहोचलेला आणि ऑगस्टच्या शेवटी पोहोचलेला अर्ज वाचणाऱ्यांसमोर सारख्या वेळी येत नाही. त्यानंतर निबंध पाहावेत. नेहमीच्या वैयक्तिक निवेदनाखेरीज एमडी-पीएचडीच्या अर्जदाराला दोन जादा निबंध लिहावे लागतात: दोन्ही पदव्या कशासाठी हव्यात, हे 3,000 अक्षरचिन्हांत आणि संशोधनाचा अनुभव 10,000 अक्षरचिन्हांत. पहिल्या निबंधात सर्वाधिक आढळणारा दोष असा की त्यातले उत्तर फक्त डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यालाही लागू पडते आणि फक्त शास्त्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्यालाही. रुग्णासमोर बसल्याशिवाय सुचणार नाही आणि प्रयोगशाळेत गेल्याशिवाय सुटणार नाही असा एखादा प्रश्न त्यात दिसला पाहिजे. दुसऱ्या निबंधात पुष्कळ जण वापरलेल्या तंत्रांची यादी देतात. वाचणाऱ्या शास्त्रज्ञाला तंत्रांत रस नसतो. गृहीतक काय होते, त्यातला कोणता भाग तुमच्या डोक्यातून आला, प्रयोग फसल्यावर तुम्ही काय बदलले, हे त्याला हवे असते.

तीन-चार ठिकाणी मुलाखती होऊनही हाती काही लागले नसेल, तर कागद चांगला आहे आणि उणीव बोलण्यात आहे, असा अंदाज बांधायला हरकत नाही. या मुलाखतींत प्राध्यापक तुमच्याच कामाबद्दल खोलात जाऊन विचारतात: हाच नियंत्रणगट का घेतला, निकाल उलटा आला असता तर काय मानले असते, पुढचा प्रयोग कोणता. प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर फळ्यापुढे उभे राहून, एकही स्लाइड न वापरता, आपले काम वीस मिनिटे समजावून सांगण्याचा सराव यावर सर्वांत उपयोगी ठरतो. ओळखीच्या डॉक्टरकाकांबरोबर केलेल्या रंगीत तालमीला त्याची सर येत नाही.

एक नकार असाही आहे ज्याचा गुणवत्तेशी काहीही संबंध नसतो, आणि मराठी कुटुंबांना त्याची कल्पना अनेकदा उशिरा येते. एनआयएचच्या प्रशिक्षण अनुदानातून फक्त अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच पैसे देता येतात. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या पालकांबरोबर लहानपणी एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर आलेली आणि 21 वर्षे पूर्ण झाल्यावर एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुले संपूर्ण शालेय शिक्षण अमेरिकेत होऊनही या पैशांना अपात्र ठरतात. परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःच्या निधीतून घेणारे कार्यक्रम मोजके आहेत आणि त्यांच्याकडची चढाओढ फार तीव्र असते. अशा विद्यार्थ्याने वीस ठिकाणी अर्ज केले आणि त्यांतली चौदा ठिकाणे त्याला घेऊच शकत नव्हती, तर त्या चौदा नकारांवरून स्वतःची योग्यता ठरवणे चुकीचे आहे. अर्ज करण्याआधी प्रत्येक कार्यक्रमाच्या कार्यालयाला व्हिसाची स्थिती सांगून पात्रता लेखी विचारून घ्यावी.

काहीच कळले नाही, अशा ठिकाणी फेब्रुवारी उलटल्यावर मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता फार थोडी उरते. मनात तो नकारच धरावा, मात्र अर्ज मागे घेऊ नये.

दुसरी पायरी: पहिला आठवडा

या आठवड्यात प्रवेश समितीला काहीही लिहू नये. निर्णयाचा फेरविचार करा अशी विनंती जवळजवळ कधीच फळत नाही, आणि रागाच्या किंवा रडवेल्या मनःस्थितीत लिहिलेले पत्र पुढच्या वर्षीही त्यांच्याकडे असू शकते. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मात्र लगेच सांगावे. त्यांचे स्वतःचे अनुदानाचे प्रस्ताव आणि शोधनिबंध अनेकदा परत आलेले असतात, त्यामुळे नकाराबद्दल ते घरच्यांपेक्षा अधिक मोकळेपणाने बोलू शकतात, आणि पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत जागा हवी असेल तर त्यांना नियोजनाला वेळ लागतो.

घरच्यांशी काय बोलायचे हे आधी ठरवून ठेवलेले बरे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, पुण्याच्या आजीच्या फोनवर, सगळीकडे एकच प्रश्न येतो. आई-वडिलांनी तो झेलावा, मुलाला पुढे करू नये, आणि "अमुकच्या मुलाला कसं मिळालं" हे वाक्य तर घरात उच्चारूच नये, असे मी कळकळीने सांगेन. तपशील विचारणाऱ्यांना "प्रक्रिया अजून चालू आहे" एवढे उत्तर पुरेसे आहे, आणि मेअखेरपर्यंत ते खरेही असते.

दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, कामावर जावेसे वाटत नसेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची वेळ घ्यावी. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, तर अमेरिकेत 988 आणि भारतात टेलिमानसचा 14416 हे क्रमांक रात्रंदिवस चालू असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जावर या फोनची कोणतीही नोंद जात नाही.

तिसरी पायरी: प्रतीक्षायादीत असाल तर

येथे तारखा पाठ असल्या पाहिजेत. ॲमकासमधून प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांच्या सामायिक नियमांनुसार एकाहून अधिक प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने 15 एप्रिलपर्यंत जास्तीत जास्त तीन प्रवेश हाती ठेवायचे असतात, आणि 30 एप्रिलपर्यंत त्यांतला एक निवडून, तेथे जाण्याचा मानस नोंदवून, बाकीचे सोडायचे असतात. इतर ठिकाणच्या प्रतीक्षायाद्यांत मात्र त्याला राहता येते. पुढे अंतिम बांधिलकी नोंदवली की त्या याद्यांतूनही बाहेर पडावे लागते. टेक्सासमधील बहुतेक महाविद्यालयांची अर्जप्रणाली वेगळी आहे, त्यामुळे तेथील वेळापत्रक स्वतंत्रपणे पाहावे.

याचा अर्थ असा की ज्यांच्याकडे चार-चार प्रवेश आहेत ते विद्यार्थी एप्रिलच्या उत्तरार्धात जागा सोडतात, आणि प्रतीक्षायादी प्रामुख्याने एप्रिलची अखेर ते मे या काळात हलते. मार्चमध्ये रोज पोर्टल उघडून पाहण्यात काही अर्थ नसतो. एमडी-पीएचडीचे कित्येक कार्यक्रम नव्या विद्यार्थ्यांना जून-जुलैमध्येच प्रयोगशाळेत रुजू करून घेतात, त्यामुळे त्यांची यादी केवळ एमडीच्या यादीपेक्षा लवकर थंडावते.

या याद्यांना बहुतेक ठिकाणी क्रमांक नसतो. एक जागा रिकामी झाली की संचालक आणि समिती यादी पुन्हा वाचतात आणि त्या क्षणी वर्गाला कोण पूरक ठरेल हे पाहतात. आधीच तीन जण मेंदूविज्ञानाचे असतील, तर चौथ्याऐवजी रोगप्रतिकारशास्त्रातील कोणाला बोलावणे येऊ शकते. त्यामुळे "माझा क्रमांक कितवा" असे वारंवार विचारू नये. यादी क्रमवार आहे का, हे एकदा नम्रपणे विचारलेले चालते.

तुम्ही करायचे ते एवढेच. प्रतीक्षायादीचे पत्र पूर्ण वाचावे आणि यादीत राहायचे असल्याची संमती मागितली असेल तर मुदतीत द्यावी. नवी माहिती स्वीकारतो की नाही, हे त्याच पत्रात किंवा पोर्टलवर लिहिलेले असते. नको म्हटले असेल तर काही पाठवू नये. चालत असेल, तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एका पानाचे पत्र पाठवावे. त्यात मुलाखतीनंतर प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी असाव्यात: शोधनिबंध पाठवला किंवा स्वीकारला गेला, परिषदेत पोस्टर सादर केले, प्रयोगाला नवी दिशा मिळाली, सत्राचे गुण आले. सोबत त्या संस्थेतल्या दोन-तीन प्रयोगशाळांची नावे आणि तेथे काम करावेसे का वाटते हे लिहावे. तेथील प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध खरोखर वाचले असतील तरच हा भाग जमतो. "मला आपली संस्था अत्यंत आवडते" एवढेच सांगणारे पत्र न पाठवलेले बरे.

तुम्ही बोलावलेत तर नक्की येईन, असे वचन देणारे पत्र एकाच संस्थेला द्यावे आणि ते पाळावे. हे क्षेत्र लहान आहे, कार्यक्रमांचे संचालक एकमेकांना ओळखतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आठ वर्षांच्या शास्त्रीय प्रशिक्षणाची सुरुवात खोट्या शब्दाने होऊ नये. दुसऱ्या संस्थेला लिहिताना "माझ्या पहिल्या पसंतींपैकी एक" असे खरे असेल तेवढेच लिहावे. तुमच्या प्रयोगशाळाप्रमुखांची त्या संचालकांशी ओळख असेल, तर त्यांनी केलेला एक फोन तुमच्या तीन पत्रांपेक्षा जास्त बोलतो. तसा फोन करावा का, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

बोलावणे आले तर उत्तराला मिळणारा वेळ अगदी थोडा असू शकतो. म्हणून मे महिन्यात फोन चालू ठेवावा, ईमेलचा स्पॅम विभाग पाहत जावा, आणि घर भाड्याने घेताना करार मोडण्याच्या अटी वाचून घ्याव्यात.

चौथी पायरी: केवळ एमडीचा प्रवेश हातात असेल तर

हा खरा पेच आहे, आणि यावर विचार करायला सर्वांत जास्त वेळ द्यावा. काही महाविद्यालये एमडी-पीएचडीला नाकारलेला अर्ज एमडीच्या समितीकडे पाठवतात आणि तेथे प्रवेश मिळतो. तो सोडून पुढच्या वर्षी पुन्हा एमडी-पीएचडीसाठी अर्ज करावा का? रुग्णांवर उपचार करणे हे तुम्हाला मनापासून हवे असेल, तर माझे मत आहे की तो प्रवेश घ्यावा. मिळालेला वैद्यकीय प्रवेश सोडणाऱ्याला पुढच्या फेरीत त्याचे कारण द्यावे लागते, आणि समाधानकारक कारण फार थोड्यांकडे असते.

प्रवेश घेण्याआधी त्या महाविद्यालयाला तीन गोष्टी विचाराव्यात: पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी अंतर्गत अर्ज करून एमडी-पीएचडीत जाता येते का, जाता आले तर आधीच्या वर्षांचे शुल्क माफ होते का, आणि संशोधनासाठी एक वर्ष काढल्यास त्याला पैसे कोण देते. कर्जाचा विचारही उघडपणे करावा. कर्ज काढणाऱ्या एमडी पदवीधरांचे मध्यांक कर्ज सुमारे 2,00,000 डॉलर असते. संशोधनात राहणाऱ्यांसाठी एनआयएचची कर्जफेड योजना आहे, जी पात्र डॉक्टरांचे वर्षाला 50,000 डॉलरपर्यंतचे कर्ज फेडते, पण तिलाही स्पर्धा आहे.

पीएचडीशिवाय शास्त्रज्ञ होता येते का, ही शंका असलेल्यांनी नोबेल विजेत्यांची चरित्रे पाहावीत. 2012 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले रॉबर्ट लेफ्कोविट्झ, कोलेस्टेरॉलवरील संशोधनासाठी 1985 चे नोबेल मिळालेले मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन, आणि 1989 चे हॅरल्ड व्हार्मस हे चौघेही केवळ एमडी आहेत, आणि पदवीनंतर एनआयएचच्या प्रयोगशाळांत ते संशोधन शिकले. व्हार्मस यांना हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने दोनदा नाकारले होते; ते कोलंबियात शिकले आणि पुढे एनआयएचचे संचालक झाले. त्यांचा काळ वेगळा होता, हे मान्य. पण आजही मेडिसिनच्या रेसिडेन्सीमध्ये, म्हणजे एमडीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणात, संशोधनाची वेगळी वाट असते, आणि तिच्यानंतर के08 किंवा के23 यांसारखी तरुण डॉक्टर-संशोधकांसाठीची एनआयएचची अनुदाने मिळवता येतात. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्याने आधी पीएचडी करण्याचाही विचार करावा, कारण जैववैद्यकीय पीएचडीत परदेशी विद्यार्थ्यांना विद्यावेतनासह प्रवेश मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. 2025 मध्ये संघीय निधीच्या अनिश्चिततेमुळे काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, हे मात्र ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात एमबीबीएस झालेल्यांनी अमेरिकेत पुन्हा एमडी-पीएचडी करण्यात वर्षे घालवू नयेत. त्यांच्यासाठी थेट पीएचडी, किंवा यूएसएमएलई ही अमेरिकेतली डॉक्टरांची परवाना परीक्षा देऊन संशोधनाभिमुख रेसिडेन्सी, किंवा भारतात राहून इंडिया अलायन्स या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या डॉक्टरांसाठीच्या संशोधन अधिछात्रवृत्ती, हे मार्ग अधिक सरळ आहेत.

पाचवी पायरी: पुन्हा अर्ज करायचा असेल तर

मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, प्रवेशाची धांदल ओसरल्यावर, मुलाखत घेतलेल्या संस्थांना अभिप्राय मागणारे चार ओळींचे पत्र पाठवावे. काही संस्था धोरण म्हणून अभिप्राय देत नाहीत. ज्या देतात त्यांच्याशी वाद घालू नये, फक्त लिहून घ्यावे. दोन वेगवेगळ्या संस्थांनी तीच गोष्ट सांगितली, तर ती खरी मानून कामाला लागावे.

त्यानंतर स्वतःला विचारावे की गेल्या जूनपासून अर्जात खरोखर काय बदलले आहे. सेकंडरीत पुनःअर्जदारांना हाच प्रश्न विचारला जातो. उत्तर "फारसे काही नाही" असे असेल, तर एक फेरी सोडून द्यावी आणि पूर्ण वेळ संशोधन करावे. एनआयएचचा बेथेस्डा येथील पदवीपश्चात प्रशिक्षण कार्यक्रम अनेकांनी निवडलेला मार्ग आहे, परंतु 2025 मध्ये तेथील भरतीही विस्कळीत झाली होती, त्यामुळे विद्यापीठांतील प्रयोगशाळांच्या तंत्रसाहाय्यक पदांसाठीही त्याच वेळी अर्ज करावेत. अशी जागा निवडताना प्रयोगशाळेच्या नावलौकिकापेक्षा तुम्हाला स्वतःचा प्रश्न हाताळायला मिळेल का, हे पाहावे. दर आठवड्याला काही तास रुग्णांच्या सहवासातही घालवावेत. दोन वर्षे फक्त प्रयोगशाळेत राहिलेल्या अर्जदाराला एमडी हवीच कशाला, हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातो.

एमकॅट पुन्हा द्यायची की नाही, हे घाईत ठरवू नये. ती एका वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि प्रत्येक गुण समितीला दिसतो. सराव परीक्षांत सातत्याने चार-पाच गुण वाढत असतील तरच पुन्हा बसावे. जुने गुण किती वर्षे ग्राह्य धरले जातात, हे प्रत्येक संस्थेच्या नियमात पाहावे. ॲमकासमधील शिफारसपत्रे पुढच्या फेरीत आपोआप जात नाहीत, ती पुन्हा मागवावी लागतात. ही संधी समजून ज्या प्रत्येक प्रयोगशाळेत लक्षणीय काम केले तिच्या प्रमुखांना "तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का" असे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर देताना ते घुटमळले तर काय समजायचे ते समजावे. निबंध दुरुस्त करत बसू नये. जुने बाजूला ठेवून नव्याने लिहावेत. संस्थांच्या यादीत एमएसटीपी नसलेले, स्वतःच्या निधीवर चालणारे कार्यक्रमही घ्यावेत.

सर्वांत अवघड काळ मे आणि जूनचा असतो, कारण जुनी प्रतीक्षायादी अजून जिवंत असते आणि नवा अर्ज भरायची वेळ येते. दोन्ही कामे एकाच वेळी करावीत. मेच्या सुरुवातीला ॲमकास उघडताच गुणपत्रिका आणि शिफारसपत्रे मागवून ठेवावीत आणि जूनच्या पूर्वार्धात अर्ज सादर करावा. प्रतीक्षायादीतून त्यानंतर बोलावणे आले, तर आधी प्रवेश लेखी स्वीकारावा, मग ॲमकासमधून नवा अर्ज मागे घ्यावा, सेकंडरी पाठवलेल्या संस्थांना कळवावे, आणि नव्या नोकरीसाठी होकार दिलेल्या प्रयोगशाळाप्रमुखांना त्याच दिवशी फोन करावा, म्हणजे त्यांना ती जागा दुसऱ्या कोणाला तरी देता येईल.